आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच आरव्ही: समुद्र की रेडवुड हे ठरवण्याआधी रात्रीच्या विजेचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहायला कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. जूनमध्ये साताऱ्याहून आई-बाबा येणार, बरोबर दोन मुलं, मिळून सहा जण. तीस फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन तीन रात्री काढायच्या: एक समुद्रकाठी, एक रेडवुडच्या उंचच उंच झाडांच्या जंगलात आणि एक सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ. आईंचे गुडघे दुखतात, बाबा झोपताना सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं विजेवरचं यंत्र) लावतात, आणि तुम्ही याआधी आरव्ही कधी चालवलेली नाही. एवढं सगळं सांगून विचारलंय फक्त, "कुठलं कॅम्पग्राउंड चांगलं?"

सगळीच चांगली आहेत हो. पण सीपॅपचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, आणि माझ्या मते तुमची अख्खी सहल त्याच्यावर ठरते.

मी फ्रीमाँटला राहतो. चौदा वर्षं आरव्हीने फिरतोय. पहिली पाच वर्षं भाड्याच्या गाड्या, नंतर स्वतःची जुनी २४ फुटी क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती. भारतातून आलेले आई-वडील, सासू-सासरे, एकदा मावशी आणि तिच्या दोन मैत्रिणी, अशी सगळी वरात या गाडीतून फिरली आहे. त्यातून एक कळलं. दिवसा आरव्हीत काही बिघडत नाही. ऊन असतं, माणसं बाहेर असतात, काही अडलं तर दुकान गाठता येतं. पंचाईत होते ती रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत. म्हणून जागा निवडताना मी नकाशावर समुद्र किती जवळ आहे हे नंतर बघतो. आधी बघतो की त्या साईटवर, म्हणजे गाडी लावायला मिळालेल्या जागेवर, रात्र कशी जाईल.

आता वीज. गाडी कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबाला जोडता येते त्याला इथे हुकअप म्हणतात. हुकअप असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर रात्रभर सगळा भार गाडीतल्या घरासाठी असलेल्या वेगळ्या बॅटरीवर. आणि जनरेटर? कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांत तो सकाळी १० ते रात्री ८ एवढ्याच वेळात चालवायला परवानगी आहे. नेमका बाबांना हवा असेल तेव्हा तो बंदच ठेवावा लागणार.

जरा हिशेब करू. सीपॅपचा ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) आणि गरम नळी बंद ठेवली तर यंत्र साधारण ३० ते ४० वॅट घेतं. आठ तासांचे १२ व्होल्टच्या बॅटरीतून पंचवीसेक अँपिअर-अवर (बॅटरीतला साठा मोजायचं माप) गेले. ह्युमिडिफायर चालू ठेवलात तर दुप्पट किंवा त्याहून जास्त. पुढे हीटर. तो जळतो प्रोपेनवर, म्हणून लोकांना वाटतं त्याला वीज लागत नाही. पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो आणि चालू असताना सात-आठ अँपिअर खातो. थंड रात्री तो निम्मा वेळ चालला तरी तीस-पस्तीस गेले. फ्रिजचा कंट्रोल बोर्ड, गॅसगळतीचा अलार्म, बाथरूमचा दिवा, यांचे अजून आठ-दहा. एकूण झाले सत्तरच्या आसपास. भाड्याच्या गाडीत बरेचदा एकच १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, आणि तिच्यातली निम्मीच वापरायची असते. म्हणजे पन्नास. हिशेब पहाटे तीनला संपतो.

हे मी कागदावर शिकलो नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मारिन काउंटीतल्या एका रेडवुड कॅम्पग्राउंडवर, मे महिन्यात, पहाटे साडेतीनला गाडीत कुठून तरी चिमणीसारखं चिवचिवायला लागलं. कमी व्होल्टेज झाल्याचा अलार्म होता तो. हीटर बंद पडलेला, सासूबाई दोन शाली आणि माझं जॅकेट घालून बसलेल्या. "पक्षी आहे का रे?" म्हणाल्या. मी हो म्हणालो. चूक सर्वस्वी माझी होती. आदल्या दिवशी दुपारी जनरेटर लावायला हवा होता, पण शेजारच्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून लावला नाही. सोलर पॅनल होतं की छपरावर! पण रेडवुडखाली सोलर पॅनल म्हणजे तळघरात वाळत घातलेले पापड. भर दुपारीसुद्धा तिथे संध्याकाळसारखा उजेड असतो.

समुद्र आणि जंगल यांतला खरा फरक इथे येतो. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या काही स्टेट पार्कांत मोजक्या साईट्सना वीज आहे: हाफ मून बे इथलं फ्रान्सिस बीच, कॅपिटोलाजवळचं न्यू ब्रायटन. रेडवुडमधल्या स्टेट पार्कांत, म्हणजे मारिनचं सॅम्युएल पी. टेलर किंवा सांताक्रूझजवळचं हेन्री कॉवेल, हुकअप नाहीत. त्यामुळे समुद्राची रात्र सोपी आणि जंगलाची अवघड. मनात चित्र नेमकं उलट असतं, कारण जंगलात वारा नाही आणि सगळं शांत.

यात "अवलंबून आहे" असं बरंच आहे. गाडीत दोन मोठ्या बॅटऱ्या किंवा लिथियम असेल, बाबांना ह्युमिडिफायरशिवाय झोप लागत असेल (हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, जंगलात जाऊन प्रयोग नको), आणि सीपॅपचा १२ व्होल्टचा अडॅप्टर तुमच्याकडे असेल, तर हेन्री कॉवेलमध्ये एक रात्र आरामात निघेल. अडॅप्टर यासाठी की बॅटरीची वीज इन्व्हर्टरने १२० व्होल्टची करायची आणि यंत्राने ती परत खाली आणायची, यात बरीच फुकट जाते. गाडीमालकाला "बॅटरी चांगली आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "किती अँपिअर-अवर, कुठल्या प्रकारची, किती जुनी?" असं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर एकच जुनी बॅटरी आहे असं समजून चाला.

थंडीचं बोलू. तुम्ही लिहिलंय, "जून आहे, थंडीचा प्रश्न नाही." सनीव्हेलमध्ये नाही. पण उन्हाळ्यात आतला प्रदेश जितका तापतो तितकं समुद्रावरचं धुकं आत ओढलं जातं, आणि हाफ मून बेला जूनमधली दुपार साठ-बासष्ट फॅरनहाइटला अडकून बसते. म्हणजे सेल्सिअसमध्ये सोळा-सतरा. रात्री दहा-अकरा. वर वारा आणि दमट हवा. आई-बाबांच्या डोक्यात समुद्र म्हणजे गणपतीपुळे असणार. त्यांना आधीच सांगा की हा महाबळेश्वरच्या हिवाळ्यात भेटलेला समुद्र आहे. कानटोपी, मोजे, स्वेटर लागतील. किनाऱ्यावर खरी उबदार हवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते, पण तोवर ते परत गेलेले असतील. पाण्यात खेळायचं तर मुलांना घोट्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. या किनाऱ्यावर अचानक मोठी लाट आत येते आणि पाणी बाराही महिने गार असतं.

आता गाडीची लांबी. जाहिरातीतली "तीस फुटी" गाडी बंपर, शिडी, मागचा सायकल रॅक धरून बत्तीस भरते. आपल्या परिसरातल्या जुन्या पार्कांतल्या बऱ्याच साईट्सची मर्यादा ३१ फूट किंवा त्याहून कमी आहे, आणि ती मोटरहोमला वेगळी, ट्रेलरला वेगळी असते. हा आकडा साईटनिहाय बघायचा, पार्काचा म्हणून एकच धरायचा नाही. शिवाय क्लास सी गाडीचं मागचं चाक बरंच पुढे असतं. उजवीकडे वळलात की शेपूट डावीकडे झाडू मारल्यासारखं फिरतं. माझी मागची शिडी एका लाकडी खुंटाने वाकवली ती अशीच. किनाऱ्यावरच्या साईट्स मोकळ्या असतात, तिथे चूक पचते. जंगलात प्रत्येक वळणावर झाड, आणि वर फांद्या. मागे घेताना एक माणूस खाली उतरवायचाच, आणि तो आरशात दिसत नसेल तर थांबायचं. शक्य असेल तर पंचवीस-सव्वीस फुटी गाडी घ्या. सहा जणांना अडचण होईल हे कबूल, पण झोपायला पुरते: मुलं वरच्या पलंगावर, आई-बाबा मागे, तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलाचा पलंग करून.

लायसन्सची काळजी नको. कॅलिफोर्नियात ४० फुटांपर्यंतचं मोटरहोम साध्या क्लास सी लायसन्सवर चालतं. लायसन्सचा क्लास सी आणि गाडीचा क्लास सी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हा घोळ दर वर्षी कुणीतरी घालतंच.

आता माझा सल्ला, आणि यावर तुम्ही थोडे नाराज व्हाल. तीन रात्री तीन ठिकाणी करू नका. दर मुक्कामाला गाडी समतल करा, नळ्या जोडा, सोडा, कपाटं बंद करा, टाक्या रिकाम्या करा. यात दीड-दोन तास जातात, आणि तेवढा वेळ आई-बाबा खुर्चीवर "आम्ही काही करू का?" म्हणत बसतात. स्टेट पार्कांत साईट बहुतेक दुपारी दोनला मिळते आणि बाराला सोडायची असते, म्हणजे मधले दोन तास तुम्ही रस्त्यावर. एकच हुकअपवाली साईट घ्या, तीनही रात्री तिथेच राहा, आणि घरची कार बरोबर आणा. दुसऱ्या गाडीचे थोडे जास्त पैसे पडतात, ते द्या.

मी असतो तर न्यू ब्रायटन घेतलं असतं. कॅम्पग्राउंड कड्यावर आहे, पाइन आणि सायप्रसची झाडं आहेत, खाली माँटेरेचा उपसागर. आणि रेडवुड? तिथून हेन्री कॉवेलचं फेल्टनचं प्रवेशद्वार कारने साधारण अर्ध्या तासावर. तिथली रेडवुड ग्रोव्हची फेरी ०.८ मैलांची आणि सपाट आहे, व्हीलचेअरसुद्धा जाते. आईंच्या गुडघ्यांना यासारखी जागा नाही. वाटेत एक आतून पोकळ झालेलं प्रचंड झाड लागतं, फ्रीमाँट ट्री. जॉन फ्रीमाँट तिथे आला होता म्हणून ते नाव, आणि माझ्या गावाचं नावही त्याच्यावरूनच, त्यामुळे पाहुण्यांना मी ते जरा मालकी हक्काने दाखवतो. शेजारीच रोअरिंग कॅम्पची वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी रेडवुडमधून वर जाते. बाबांना मुलांपेक्षा जास्त आवडेल, लिहून देतो. एक लक्षात ठेवा: हेन्री कॉवेलच्या कॅम्पग्राउंडचं प्रवेशद्वार वेगळं आहे, ग्रॅहम हिल रोडवर. फोनने तिकडे नेलं तर ग्रोव्ह सापडणार नाही.

सॅन फ्रान्सिस्को जास्त महत्त्वाचं असेल तर न्यू ब्रायटनऐवजी हाफ मून बे धरा. तिथून कारने हायवे १ वरून, डेव्हिल्स स्लाइडच्या बोगद्यातून, शहरात जाता येतं. दोन्ही ठिकाणी वीज मिळाली नाही तर पॅसिफिका गावात समुद्रावरच्या कड्यावर खासगी आरव्ही पार्क आहे. गाड्या खेटून उभ्या असतात, जंगलाचं नावही नाही, पण हुकअप आहेत आणि शहर जवळ. आरव्ही घेऊन मात्र शहरात शिरू नका. चढ, पार्किंग आणि गोल्डन गेटच्या अरुंद लेन, यात पहिल्या सहलीची मजा जाते. पॉइंट रेज सुचवणारेही भेटतील. तिथली कॅम्पग्राउंड्स चालत किंवा बोटीने जायची आहेत, आरव्हीची नाहीत.

जुन्या ब्लॉगांवर दोन नावं हमखास दिसतील, तीही खोडून टाका. सीक्लिफला आरव्ही अगदी समुद्राच्या भिंतीला लावता यायची, पण जानेवारी २०२३ च्या वादळांनी ते कॅम्पग्राउंड उद्ध्वस्त केलं. बिग बेसिन, १९०२ सालचं, कॅलिफोर्नियातलं सर्वात जुनं स्टेट पार्क, ऑगस्ट २०२० च्या वणव्यात जळलं. झाडं बरीचशी तगली, पालवलीही, पण दिवसभरासाठी जा, मुक्कामाच्या हिशेबात धरू नका.

न्यू ब्रायटनला जायचा सरळ रस्ता हायवे १७. तीव्र चढ-उतार, वळणं, आणि रोज ये-जा करणारे लोक तुम्हाला शर्यतीत असल्यासारखे मागून खेटतात. शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी सकाळी जाऊच नका. मंगळवारी दहाला निघा, उजव्या लेनमध्ये राहा, उतारावर खालचा गिअर टाका आणि ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. ते तापले की वास येतो, आणि वास आला म्हणजे उशीर झाला. घाट नकोच असेल तर १०१ ने दक्षिणेला जाऊन १५६ वरून हायवे १ पकडा. लांब पडतं, पण गाडी हातात राहते. सॅराटोगावरून जाणारा हायवे ९ नकाशात छान दिसतो. त्याचा विचारही करू नका.

अजून एक पर्याय आहे, जरा लाजिरवाणा वाटेल: गाडी चालवूच नका. बरेच मालक आरव्ही कॅम्पग्राउंडवर आणून, समतल करून, जोडून देतात आणि शेवटी घेऊन जातात. तुम्ही कारने या. फक्त त्या पार्कात गाडी आणून लावायची त्यांना परवानगी आहे का, ते मालकाला आणि पार्कालाही आधी विचारा. पहिल्या खेपेला, आणि तेही वडीलधारे बरोबर असताना, मी आज हेच केलं असतं.

न्यू ब्रायटनला प्रत्येक साईटवर सांडपाण्याची सोय असेल असं धरू नका. टाक्या तुमच्याच. अशा गाडीत हात-तोंड आणि अंघोळीच्या पाण्याची टाकी साधारण तीस-पस्तीस गॅलनची. शॉवर मिनिटाला दोन गॅलन सोडतो. पाच मिनिटांची एक अंघोळ म्हणजे दहा गॅलन, तीन जणांत टाकी भरली. म्हणून अंघोळी पार्काच्या बाथरूममध्ये करा, किंवा आपली बादली-तांब्याची पद्धत. आमच्या मावशीने दीड गॅलनमध्ये अंघोळ करून दाखवली होती. मैल्याच्या टाकीत मात्र पाण्याची कंजुषी नको, आणि तिथे टॉयलेट पेपर जपून. आपली धुण्याची सवय त्या टाकीला मानवतेच. निघताना डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, आधी मैल्याची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. हातमोजे घाला आणि ते घाईने काढू नका.

स्वयंपाक बाहेर. आत फोडणी दिलीत की धुराचा अलार्म वाजणारच, आणि मिरचीची फोडणी असेल तर शेजारची साईटही खोकते. कुकर, पोळ्या, सगळं बाहेरच्या टेबलावर. विजेचंही लक्षात ठेवा: ३० अँपिअरचा खांब म्हणजे ३६०० वॅट. इंडक्शनचे १८००, विजेच्या हीटरचे १५००, वर कुणी मायक्रोवेव्ह लावला की खटका पडला. घरी आपण असा हिशेब करत नाही, म्हणून आठवण.

खाण्याचं सांडलेलं मात्र नीट उचला. सांताक्रूझच्या डोंगरातल्या जुन्या रेडवुडमध्ये मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी उंच फांद्यांवर घरटं करतो. इतका लपून, की इथे त्याचं घरटं पहिल्यांदा सापडलं १९७४ साली, बिग बेसिनमध्ये. माणसांच्या चुऱ्यावर निळे 'जे' पक्षी आणि डोमकावळे वाढतात, आणि तेच त्याची अंडी खातात. त्यामुळे त्या पार्कांत कणही न सांडण्याचा नियम आहे. चिवडा म्हणजे या बाबतीत अत्यंत धोकादायक पदार्थ. आम्ही लाडू नेतो. जळणाचं लाकूडही घरून नेऊ नका. त्यातून झाडांचे रोग आणि किडे पसरतात. कॅम्पवरच विकत घ्या.

आईंसाठी एक रुंद, न घसरणारं स्टूल घ्या. गाडीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच असते, आणि रात्री उतरायची वेळ येऊ शकते.

बुकिंग सहा महिने आधी, सकाळी आठला उघडतं, आणि हुकअपच्या साईट्स आठ वाजून एक मिनिटापर्यंत टिकत नाहीत. जूनचं गेलंय असंच समजा. पण लोक रद्द करतात. माझ्या अनुभवात तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी बऱ्याच साईट्स परत येतात, विशेषतः रविवार ते गुरुवार. शाळा सुटण्याआधीचा, जूनचा पहिला आठवडा बघा, आणि सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर बुकिंगची वेबसाइट उघडायची सवय लावा. तोवर, जमलं तर, कॅस्ट्रो व्हॅलीजवळच्या अँथनी शाबो कॅम्पग्राउंडवर एक रात्र तालीम करा. निलगिरीची झाडं, खाली तळं, धुकं कमी, आणि काही साईट्सना वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही आहे. तिथे बाबांचं यंत्र आधी न्यायची गरज नाही, तुम्ही दोघंच जा. रात्री खांबाची वीज न जोडता हीटर लावून झोपा, आणि पहाटे बॅटरी किती उरली ते बघा.

साईट मिळाली की तिचा नंबर आणि गाडीची बंपर ते बंपर लांबी इथे लिहा. न्यू ब्रायटनच्या बऱ्याच साईट्सवर मी गाडी मागे घेतलेली आहे, कुठे झाड आडवं येतं ते सांगेन.